६२५ रेषांमधली आजी

बिलोलीच्या घरी मामाच्या लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट सापडली. कॉम्प्युटरवर घेतली, तर आजीचा चेहरा पुसट. मामा म्हणाला, "तेव्हा टीव्हीवर तर चांगलं दिसायचं की रे!" खरंच होतं ते.

दूरदर्शन १९५९ला दिल्लीत सुरू झालं, १९७२ला मुंबईत आलं. चित्र ६२५ रेषांचं. त्यातल्या साधारण ५७५च दिसायच्या, उरलेला वेळ झोत तळातून परत वर न्यायला जायचा. आडवी मर्यादा वेगळी. एक रेषा ५२ मायक्रोसेकंदांत रंगायची, सिग्नल ५ मेगाहर्ट्झचा. एका आवर्तनात एक काळा, एक पांढरा ठिपका धरला, तर ५ × ५२ × २ = ५२०. व्हीएचएस कॅसेटवर जेमतेम ३ मेगाहर्ट्झ, म्हणजे सुमारे ३१२ ठिपके.

२० इंची पडद्यावर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून तेवढे पुरायचे. आजचा ५५ इंची टीव्ही तेच ठिपके ताणतो. म्हणून कोणी 'फोर-के करून देतो' म्हटलं, तर लक्षात ठेवा: नवा तपशील येईल, पण तो आजीचा नसेल. साधी डिजिटल प्रत लवकर करून घ्या, टेप झिजतेय. आणि मूळ कॅसेट फेकू नका.