चरणजित सिंग: मुंबईचा कीबोर्डवादक, दोन जपानी मशिन्स आणि २८ वर्षं उशिरा मिळालेली दाद

ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये किंवा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात गाण्यांचा कार्यक्रम बघितला असेल, तर स्टेजच्या एका बाजूला बसलेला कीबोर्डवादक आठवून बघा. व्हायोलिन, बासरी, बेस असे कितीतरी आवाज तो एकटाच काढतो. गायकाचं नाव सगळ्यांच्या लक्षात राहतं, त्याचं फार कमी लोकांच्या. आज अशाच एका वादकाची माहिती घेऊया. त्यांनी १९८२ मध्ये केलेला अल्बम आज जगभर ऐकला जातो, पण तेव्हा त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं.

कीबोर्डवाला पुढे कसा आला?

१९७० च्या आसपास इंग्लंडमध्ये प्रोग्रेसिव्ह रॉक जोरात होतं. लांबलचक रचना, शास्त्रीय संगीताचा प्रभाव आणि नव्या वाद्यांचे प्रयोग ही त्याची ओळख. कीथ इमर्सन आणि रिक वेकमन यांच्यासारख्या वादकांनी मूग कंपनीचे सिंथेसायझर वाजवून कीबोर्ड गिटारच्या बरोबरीला आणला. सिंथेसायझर म्हणजे विजेच्या सर्किटमधून आवाज तयार करणारं वाद्य. तार नाही, भाता नाही.

आपल्याकडे हे वाद्य रॉक बँडपेक्षा सिनेमाच्या स्टुडिओतून जास्त पोचलं. मुंबईत केरसी लॉर्ड यांनी मिनीमूग हिंदी गाण्यांमध्ये वापरला. चरणजित सिंगही याच स्टुडिओंमधले.

चरणजित सिंग कोण होते?

ते सेशन म्युझिशियन होते, म्हणजे संगीतकार बोलावेल तिथे जाऊन रेकॉर्डिंगला वाजवणारे वादक. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा मोठ्या संगीतकारांकडे त्यांनी काम केलं. बेस गिटार, हवाइयन गिटार आणि कीबोर्ड ही सगळी वाद्यं त्यांच्या हातात होती. 'हरे राम हरे कृष्ण' (१९७१) मधल्या 'दम मारो दम'मध्ये ट्रान्झिकॉर्ड हे इलेक्ट्रॉनिक अ‍ॅकॉर्डियन त्यांनीच वाजवलं. गाणं घराघरात पोचलं, पण त्या काळी रेकॉर्डच्या कव्हरवर वादकांची नावं सहसा छापतच नसत.

नवीन वाद्यांची त्यांना भारी हौस. रोलँड या जपानी कंपनीची तीन वाद्यं त्यांनी घेतली:

टीआर-८०८ (१९८०): ड्रम मशीन. ठेका एकदा भरून ठेवायचा, मग मशीन तो वाजवत राहतं.

टीबी-३०३ (१९८१): बेस वाजवणारं छोटं मशीन. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला साथ मिळावी म्हणून बनवलेलं.

ज्युपिटर-८ (१९८१): एका वेळी आठ स्वर वाजवू शकणारा मोठा सिंथेसायझर.

अल्बममध्ये नेमकं काय केलं?

१९८२ मध्ये देशात डिस्कोची लाट होती. चरणजित यांनी त्याच ठेक्यावर राग वाजवायचं ठरवलं. एचएमव्हीने काढलेल्या त्या अल्बमचं नाव 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग त्यात आहेत. प्रत्येक साधारण पाच मिनिटांचा. डोंबिवलीहून फास्ट लोकलने दादर येईपर्यंत जवळपास अख्खा अल्बम ऐकून होतो.

आता तंत्र समजून घेऊया. ८०८ आणि ३०३ मध्ये सिक्वेन्सर असतो. एका ओळीत १६ घरं आहेत असं समजा. डिस्कोसाठी १, ५, ९ आणि १३ या घरांत बेस ड्रम ठेवला की 'धम-धम-धम-धम' सुरू. ३०३ च्या घरांमध्ये ठोका नाही, तर स्वर भरायचे. भूपाळीत सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर लागतात, म्हणून घरांत फक्त तेच टाकायचे. दोन्ही मशिन्स एका केबलने जोडली की लय एकच राहते. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं जोडणारं मिडी तंत्र १९८३ मध्ये आलं, म्हणजे हे काम त्याच्याही आधीचं.

३०३ मध्ये अजून दोन गमती आहेत. एक म्हणजे स्लाइड: एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. ती खरी मींड नाही, कारण घसरण्याचा वेग मशीन ठरवतं, पण कानाला मींडेची आठवण होते. दुसरं म्हणजे फिल्टर. 'ऊ' म्हणता म्हणता तोंड उघडत 'आ' म्हणा. आवाज जसा उघडत जातो, तसंच फिल्टरचं बटण फिरवल्यावर होतं.

या सगळ्यावर ज्युपिटर-८ वर रागाची बढत मात्र ते हाताने वाजवत होते. मशीन लय सांभाळतं, पण कुठल्या स्वरावर थांबायचं हे त्याला कळत नाही. ते वादकालाच कळावं लागतं.

मग अल्बम विसरला का गेला?

शास्त्रीय ऐकणाऱ्यांना तो फार डिस्को वाटावा आणि डिस्कोवाल्यांना फार शास्त्रीय, असा तो मामला होता. रेकॉर्ड फारशी खपली नाही. इकडे टीबी-३०३ सुद्धा बाजारात आपटलं. त्याचा बेस खऱ्या गिटारसारखा वाटत नव्हता. १९८४ मध्ये रोलँडने उत्पादन बंद केलं आणि उरलेली मशिन्स सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळू लागली.

अमेरिकेत शिकागोच्या तरुणांनी ती घेतली. १९८७ मध्ये फ्यूचर या ग्रुपचा 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आला आणि अ‍ॅसिड हाउस हा नवा प्रकार सुरू झाला. त्याची ओळख म्हणजे ३०३ चा तोच घसरणारा, उघडमीट करणारा आवाज.

२००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला चरणजित यांची जुनी रेकॉर्ड भारतात सापडली. २०१० मध्ये त्याच्या बॉम्बे कनेक्शन या कंपनीने ती पुन्हा काढली. ऐकणारे चक्रावले. १९८२ मध्ये असं काही शक्यच नाही, कुणीतरी आजच्या कलाकाराने केलेली ही चेष्टा आहे, असाही संशय काहींनी घेतला. पण रेकॉर्ड खरी होती आणि वादक मुंबईत होते. त्यानंतर सत्तरी ओलांडलेल्या चरणजित यांनी युरोपात जाऊन हेच राग तरुण श्रोत्यांसमोर वाजवले. जुलै २०१५ मध्ये त्यांचं मुंबईत निधन झालं.

मग अ‍ॅसिड हाउस त्यांनीच शोधलं का?

इंटरनेटवर असं बरंच लिहिलेलं दिसेल. पण शिकागोच्या तरुणांनी हा अल्बम ऐकला होता याचा पुरावा नाही, आणि चरणजित यांना त्या प्रकाराची कल्पना असणं शक्यच नव्हतं. तेच मशीन दोन शहरांत दोन वेगळ्या डोक्यांच्या हाती लागलं, इतकंच म्हणता येतं. त्यांचं मोठेपण सिद्ध करायला 'शोधक' या बिरुदाची गरजही नाही. साथीसाठी बनवलेल्या मशीनवर त्यांनी राग उभे केले, आणि तेही कुणी सांगितलेलं नसताना.

फोनवर करून बघा

३०३ आणि ८०८ ची नक्कल करणारी बरीच अ‍ॅप्स आज मिळतात. सी, डी, ई, जी, ए हे पाचच स्वर ठेवा. सी ला सा मानलं की हा झाला भूपाळीचा स्वरसंच. वेग साधारण १२० ठेवा आणि दोन-तीन ठिकाणी स्लाइड लावा. ब्लूटूथ इअरफोन शक्यतो नको, आवाज उशिरा येतो. वायरचा वापरा.

आणि पुढच्या वेळी गाणं आवडलं, तर अ‍ॅपमधलं 'क्रेडिट्स' उघडून वाजवणाऱ्यांची नावं आहेत का ते बघा. पुष्कळ जुन्या गाण्यांत ती जागा अजून रिकामीच दिसेल.