रॉक बॉटम : एका तबकडीची आणि एका सहजीवनाची हकीकत

बदलीच्या नोकरीत संसाराच्या सामानाची मोजदाद दर दोन-तीन वर्षांनी होतच असते. ट्रंका, वळकट्या, पितळेची भांडी आणि देव्हारा यांच्या जागा ठरलेल्या असतात. परंतु प्रत्येक घरात एखादी पेटी अशी असते की, "ही आता पुन्हा कशाला बरोबर न्यायची?" असा प्रश्न दर बदलीला तिच्यापाशीच अडतो. आमच्या घरी ती पेटी विलायती तबकड्यांची होती. ज्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्या संगीताचे वेड आम्हांस कॉलेजात असताना लागले. आमच्या सौभाग्यवतीचा कान मात्र माहेरच्या नाट्यपदांवर घडलेला. त्यामुळे कित्येक वर्षे आमच्या तबकड्या दार लोटूनच वाजल्या, आणि तिची पदे स्वयंपाकघराच्या अलीकडे आली नाहीत. भांडण असे कधी झाले नाही. एका छपराखाली दोन गावे नांदत होती, एवढेच.

रांचीच्या सरकारी क्वार्टरमधली एक पावसाळी संध्याकाळ आम्हांस आठवते. दार लोटायचे राहून गेले होते. एक गाणे संपत आले आणि पुरुषाच्या आवाजानंतर एका स्त्रीचा बोलता आवाज ऐकू आला. सौभाग्यवती दारात येऊन उभी राहिली व म्हणाली, "अहो, ही बाई कोण?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर देण्यास आम्हांस इंग्लंडचा पंधरा-वीस वर्षांचा इतिहास सांगावा लागला. तोच येथे थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

प्रथम या संगीताविषयी. 'प्रोग्रेसिव्ह' या शब्दाचे 'पुरोगामी' असे भाषांतर केले तर त्यास राजकारणाचा वास येतो, म्हणून मूळ शब्दच ठेवलेला बरा. रॉक संगीत जन्मले ते नाचण्यासाठी, आणि त्याची गाणी तीन मिनिटांत आटोपत. पुढे १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला तेहतीस व एकतृतीयांश फेरे घेणारी दीर्घ तबकडी बाजारात आणली व तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. ही मोकळी जागा आरंभी पाश्चात्त्य अभिजात संगीताने व जॅझने वापरली. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील तरुण रॉकवादकांची नजर तिच्यावर गेली. १९६७ साली बीटल्सची 'सार्जंट पेपर्स' ही तबकडी निघाली. १९६९ च्या ऑक्टोबरात किंग क्रिम्सन या वृंदाची पहिली तबकडी आली. १९७२ साली येस या वृंदाने एकच रचना तबकडीच्या संपूर्ण बाजूवर पसरली. ताल मध्येच बदलणे, जॅझप्रमाणे उत्स्फूर्त विस्तार करणे, ऑर्गन व मेलोट्रॉन यांच्या साह्याने मोठ्या वाद्यवृंदाचा भास निर्माण करणे, ही या संगीताची लक्षणे. ते नाचण्यासाठी नव्हते. बसून ऐकण्यासाठी होते. आणि बसून ऐकण्याचे संगीत म्हटले की शेजारी कोण बसले आहे हा प्रश्न आपोआप उपस्थित होतो.

या चळवळीची एक शाखा केंट परगण्यातील कँटरबरी या जुन्या धर्मक्षेत्री उगवली. तेथील सायमन लँग्टन शाळेत रॉबर्ट वायट, ह्यू हॉपर आणि माइक रॅटलेज ही मुले शिकत होती. वायटचा जन्म १९४५ चा, ब्रिस्टलचा. डोव्हरजवळच्या लिडन गावी त्याच्या आईचे मोठे घर होते. तेथे भाडेकरू म्हणून डेव्हिड अ‍ॅलन नावाचा एक ऑस्ट्रेलियन भटका येऊन राहिला व त्याने आपल्याबरोबर जॅझचे वारे आणले. या मंडळींतूनच १९६६ साली 'सॉफ्ट मशीन' हा वृंद उभा राहिला. वायट त्यात ड्रम वाजवी आणि गाई. त्याचा आवाज उंच, किंचित चिरका, मागल्या बाकावरच्या मुलाने लाजत उत्तर द्यावे तसा आहे.

१९६७ साली फ्रान्सहून परतताना अ‍ॅलनला ब्रिटनमध्ये प्रवेश नाकारण्यात आला, कारण त्याचे कागद नीट नव्हते. तो पॅरिसला राहिला आणि आपली सहचरी गिली स्मिथ हिच्यासह त्याने 'गाँग' नावाचा दुसरा वृंद काढला. सरकारी शिक्क्याने पुष्कळ कामे अडतात हे आपणांस ठाऊक आहे; येथे त्याने एका वृंदाचे दोन केले.

उरलेल्या सॉफ्ट मशीनने १९६८ साली जिमी हेंड्रिक्सबरोबर अमेरिकेचा दौरा केला. १९७० च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, अभिजात संगीतासाठी प्रसिद्ध असलेल्या प्रॉम्स महोत्सवात, त्यास वाजवण्याचा मान मिळाला. परंतु वृंदाचे मन शुद्ध वाद्यसंगीताकडे ओढ घेत होते व वायटला गायचे होते. १९७१ साली त्यास बाहेर पडावे लागले. त्याने 'मॅचिंग मोल' या नावाने नवा वृंद उभारला. सॉफ्ट मशीनचे फ्रेंच भाषांतर 'माशीन मोल' असे होते. त्यावरील ही कोटी. थट्टेमागचे दुःख लपत नाही.

याच सुमारास त्याच्या आयुष्यात अल्फ्रेडा बेंज आली. सर्वजण तिला अल्फी म्हणत. ती पोलिश आईची मुलगी. महायुद्धानंतर लहानपणीच इंग्लंडात आलेली. ती चित्रे काढी आणि चित्रपटांच्या कामातही असे. १९७२-७३ च्या हिवाळ्यात निकोलस रोग या दिग्दर्शकाच्या 'डोंट लुक नाऊ' या चित्रपटाचे चित्रण व्हेनिस येथे चालले होते. त्याची नायिका ज्यूली क्रिस्टी ही अल्फीची मैत्रीण. जाता जाता सांगावयास हरकत नाही की या ज्यूलीबाईंचा जन्म आसामातील चबुआ येथल्या चहाच्या मळ्यातला. अल्फीला त्या चित्रपटावर काम मिळाले आणि वायट तिच्या सोबतीस गेला. दिवसभर ती कामावर असे व तो एकटा. तेव्हा तिने त्यास वेळ घालवण्यासाठी एक छोटासा, अगदी स्वस्तातला ऑर्गन आणून दिला. या खेळण्यासारख्या वाद्यावर, पाण्याने वेढलेल्या त्या नगरात, ड्रमवादकाने प्रथमच सावकाशीने स्वर जुळवले. 'रॉक बॉटम'चा पाया येथे पडला.

हे स्थळ व हा काळ आम्ही मुद्दाम नमूद करीत आहो. या तबकडीविषयी असा समज पसरलेला आहे की ती एका अपघाताचा विलाप आहे. अपघात झाला हे खरे. १ जून १९७३ रोजी लंडनच्या मेडा व्हेल भागात एका मेजवानीत, मद्याच्या अमलाखाली, वायट वरच्या मजल्यावरील खिडकीतून खाली पडला. पाठीचा कणा मोडला व कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. परंतु तेव्हा त्यातील बऱ्याचशा चाली तयार झालेल्या होत्या. त्या दुःखातून निघाल्या नाहीत. एका हिवाळ्यातील निवांत सहवासातून निघाल्या. दुःखाने त्यांस पुरे केले, एवढेच म्हणता येईल.

त्यास स्टोक मँडव्हिल येथील इस्पितळात हलवण्यात आले. नाझी जर्मनीतून आश्रयास आलेल्या डॉक्टर लुडविग गुटमान यांनी १९४४ साली तेथे कण्याच्या जखमींसाठी विभाग सुरू केला होता. पाय गेलेल्या माणसाने उरलेल्या शरीरानिशी कामाला लागावे, हा त्यांचा आग्रह. त्यांनीच १९४८ साली तेथे भरवलेल्या क्रीडास्पर्धांतून पुढे पॅरालिम्पिकचा उगम झाला. याच इस्पितळात वायटला एक पियानो सापडला आणि व्हेनिसच्या चाली त्याने पुन्हा हाताखाली घेतल्या. ड्रमवादकाच्या दोन्ही पायांना काम असते. मोठा ड्रम एका पायाने वाजतो, झांजांची जोडी दुसऱ्याने. ते काम आता संपले होते. गळा व हात उरले होते.

मित्र मागे हटले नाहीत. ४ नोव्हेंबर १९७३ रोजी लंडनच्या रेनबो थिएटरात पिंक फ्लॉइड आणि सॉफ्ट मशीन या दोन वृंदांनी त्याच्या साह्यार्थ कार्यक्रम केला. ज्या वृंदातून त्यास बाहेर पडावे लागले होते, तोच त्याच्यासाठी वाजला. १९७४ च्या आरंभी विल्टशायरमधील एका शेतघरी ध्वनिमुद्रण सुरू झाले. निर्मिती पिंक फ्लॉइडचा ड्रमवादक निक मेसन याने पाहिली. शाळेतला सोबती ह्यू हॉपर आला. दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेला तुतारीवादक मोंगेझी फेझा आला. शेवटच्या गाण्यात तरुण माइक ओल्डफील्डने गिटार वाजवली.

तबकडीवर सहाच रचना आहेत. पहिलीत प्रियेला समुद्रातील जिवाची उपमा दिलेली आहे. भरती-ओहोटीप्रमाणे बदलणारी, आपल्याला पुरती न कळणारी, आणि म्हणूनच हवीशी. दुसऱ्या बाजूवर 'अलिफिब' आणि 'अलिफी' ही जोडगाणी येतात. नावांतूनच ती कोणासाठी आहेत हे उघड होते. पहिल्यात गायकाचा श्वास हाच ताल आहे आणि त्या श्वासातून पुन्हा पुन्हा तिचे नाव उमटते. शब्द बालिश, अर्ध्या अर्थाचे; घरातल्या घरात लाडाने बोलावेत तसे. दुसऱ्या गाण्यात तेच शब्द अधिक व्याकूळ होऊन परत येतात. प्रेमगीताची परंपरा अशी की पुरुषाने आळवावे आणि स्त्रीने ऐकावे. येथे मात्र गाणे संपता संपता अल्फी स्वतःच बोलते. त्याने दिलेले लाडके नाव ती हसत नाकारते, आणि आपण काय आहो ते आपल्या शब्दांत सांगते.

रांचीच्या त्या संध्याकाळी दारातून ऐकू आलेली बाई ती हीच.

तबकडी २६ जुलै १९७४ रोजी प्रसिद्ध झाली आणि त्याच दिवशी दोघांचा विवाह झाला. वेष्टनावर अल्फीने काढलेले पेन्सिलीचे फिकट चित्र होते : वर समुद्रकाठ, खाली पाण्यातले जग. पुढील बहुतेक तबकड्यांची वेष्टनेही तिच्याच हातची आहेत.

पुढचा इतिहास या गाण्याहून कमी नाट्यमय, पण आमच्या मते अधिक महत्त्वाचा आहे. चाकाच्या खुर्चीतील माणसाबरोबर संसार करणे म्हणजे काय, हे ज्याने तो केला त्यालाच ठाऊक. अल्फीने पतीची शुश्रूषा केली, व्यवहार सांभाळला आणि चित्रे काढली. येथवरची कथा आपल्याकडच्या कोणत्याही पतिव्रतेच्या आख्यानात शोभेल, आणि म्हणूनच येथे थांबणे तिच्यावर अन्याय करणे होईल. १९९१ सालच्या 'डोंडेस्टान' या तबकडीची पहिली पाच गाणी म्हणजे अल्फीने स्पेनमधील वास्तव्यात लिहिलेल्या कविता. त्यांस वायटने चाली दिल्या. म्हणजे सतरा वर्षांपूर्वी जी गाण्याच्या शेवटी दोन शब्द बोलून गेली होती, ती आता गाण्याचे शब्दच देत होती व तो ते गात होता. १९९७ ची 'श्लीप', २००३ ची 'ककूलँड' आणि २००७ ची 'कॉमिकऑपेरा' यांतही तिची गीते आहेत. तोवर दोघे लिंकनशायरमधील लाउथ या बाजाराच्या गावी स्थायिक झाली होती. २०१४ साली वायटने आपण संगीतरचना थांबवल्याचे जाहीर केले. २०२० साली दोघांच्या गीतांचा निवडक संग्रह निघाला. त्याचे नाव 'साइड बाय साइड', आणि त्यावर नावे दोघांची आहेत. तबकड्यांवर मोठ्या अक्षरांत एकाचेच नाव छापले जात होते. ती बाकी चुकती होण्यास शेहेचाळीस वर्षे लागली.

यावरून काय निष्पन्न होते? पतिपत्नींची आवड एक असावी असे आपण सहज म्हणतो. तसे म्हणताना आपल्या मनात बहुधा असे असते की, माझी आवड तिने उचलावी. फार तर माझ्या बैठकीत येऊन बसावे. प्रोग्रेसिव्ह रॉकचे शौकीन या बाबतीत विशेष दोषी. तबकडी कोणत्या साली निघाली आणि ताल किती मात्रांचा, हे ते पत्नीला ऐकवीत बसतात. तिने काय ऐकले हे विचारीत नाहीत. आम्हीही त्यांतलेच होतो. वायट-बेंज दांपत्याचा इतिहास याच्या उलट सांगतो. तिने त्याची आवड नुसती उचलली नाही. प्रथम तिला साधे वाद्य पुरवले, मग तिला उत्तर दिले, आणि शेवटी तिला आपले शब्द दिले. आवड वाटून घेणे म्हणजे दुसऱ्याला तीत बोलण्याची जागा ठेवणे होय.

त्या संध्याकाळी ही हकीकत ऐकून सौभाग्यवतीने तबकडी पहिल्यापासून लावावयास सांगितली. मध्येच म्हणाली, "हा गाताना दमतो, पण लपवीत नाही. आमच्या नटांना ते चालले नसते." इतक्या वर्षांत हे आमच्या ध्यानात आले नव्हते. बाजू संपल्यावर तिने आपली एक नाट्यपदाची तबकडी काढून आमच्या यंत्रावर ठेवली, आणि आम्ही प्रथमच ती बसून, पुरती ऐकली. तान कोठे घेतली यापेक्षा श्वास कोठे घेतला, हे आम्ही त्या दिवशी ऐकू लागलो.

त्यानंतर आमच्या आणखी तीन बदल्या झाल्या. पेटी प्रत्येक वेळी बरोबर आली. तीत आता दोघांच्याही तबकड्या आहेत, आणि सामान बांधताना तिच्यापाशी कोणी अडत नाही.