बासची आमिषे आणि न भरणारी पेटी

बास हा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचा शिकारी मासा. शास्त्रीय वर्गीकरणात तो 'मायक्रॉप्टेरस' या प्रजातीत येतो. त्यातील मोठ्या तोंडाचा लार्जमाउथ आणि लहान तोंडाचा स्मॉलमाउथ या दोन जाती गळाने मासे धरणाऱ्यांच्या विशेष आवडीच्या आहेत. आपल्याकडे 'सी बास' म्हणून अनेकदा जो मासा विकला जातो तो गोव्याचा चोणक, म्हणजेच रायगडचा जिताडा. अमेरिकी बासशी त्याचे नावापलीकडे नाते नाही.

बास पाठलाग करण्यापेक्षा दबा धरणे पसंत करतो. बुडालेले झाड, खडकाची कपार, पाणवनस्पतींची कड अशा आडोशाला तो थांबतो आणि तोंडासमोरून जे जाईल त्यावर झडप घालतो. लहान मासे, गोड्या पाण्यातील झिंगे, बेडूक, किडे, प्रसंगी पाण्यात पडलेले पिल्लूसुद्धा त्याला वर्ज्य नसते. या खादाडपणामुळेच त्याला फसवण्यासाठी वस्तू कोणत्या आकाराची हवी, या प्रश्नाला एक उत्तर नाही. अमेरिकेतील आमिषांचा अवाढव्य व्यापार या अनिश्चिततेवर उभा आहे.

'आमिष' या शब्दाचा मूळ अर्थ मांस. सामिष आणि निरामिष हे शब्द त्यावरूनच आले. लाकूड, धातू, रबर किंवा प्लॅस्टिकपासून केलेले, मांसाचा कणही नसलेले आमिष म्हणजे शब्दशः निरामिष आमिष होय. इंग्रजीत त्याला 'ल्यूअर' म्हणतात. गोव्यात आणि कोकणात आपण ज्याला गरवणे म्हणतो, त्यात गरीला कोळंबी किंवा मासळीचा तुकडा लावून वाट पाहणे हा परिचित मार्ग आहे. कृत्रिम आमिषाला मात्र वास नसतो, जीव नसतो. त्याला जिवंतपणा द्यायचा तो गरवणाऱ्याच्या मनगटाने आणि रिळाने.

या आमिषांची मुख्य घराणी मोजकीच आहेत. क्रँकबेट हा लाकडाचा किंवा पोकळ प्लॅस्टिकचा मासा. त्याच्या तोंडाशी जिभेसारखी पट्टी असते आणि दोरी ओढली की पाण्याच्या दाबाने तो थरथरत खाली जातो. पट्टीची लांबी आणि कोन यांवर खोली ठरते. स्पिनरबेटमध्ये वाकवलेल्या तारेच्या एका टोकाला फिरणारी चकचकीत पाती आणि दुसऱ्या टोकाला झालर लावलेली गरी असते. जिग म्हणजे गरीच्या मानेवर ओतलेले शिशाचे डोके; ते तळाशी टप्पे घेत चालते. टॉपवॉटर आमिषे पृष्ठभागावर तरंगतात आणि आवाज करतात. पाचवे घराणे मऊ प्लॅस्टिकच्या गांडुळांचे. टेक्सास पद्धतीने गरीचे टोक त्या गांडुळाच्या अंगात लपवले, की ते झाडोऱ्यातूनही न अडकता ओढता येते.

घराणी पाच, परंतु पेटीतील वस्तू पाचशे होतात. त्याचे गणित सोपे आहे. एकच क्रँकबेट उथळ, मध्यम आणि खोल अशा तीन पट्ट्यांत, तीन आकारांत आणि वीस रंगांत निघाला, तर एका नमुन्याच्या १८० वस्तू झाल्या. त्यात खुळखुळणारे आणि मुके असे दोन प्रकार केले की ३६०. कोणतीही कंपनी ग्राहकाने हे सर्व घ्यावे असे म्हणत नाही. फळीवर मात्र ती सर्व मांडते.

इतिहास पाहिला तर बहुतेक प्रसिद्ध आमिषांचा जन्म अगदी साध्या गरजेतून किंवा योगायोगातून झाला. ज्युलिओ बुएल या तरुणाच्या हातून तळ्यात चमचा पडला आणि बुडत्या चमच्यावर माशाने झेप घेतली, अशी आख्यायिका आहे. त्याने १८५२ मध्ये धातूच्या आमिषाचे पेटंट घेतले, हे मात्र आख्यायिकेपलीकडचे. मिशिगन राज्यातील डोवाजिॲक गावचे मधमाशीपालक जेम्स हेडन यांच्याविषयीची कथाही याच जातकुळीची आहे. तळ्याकाठी मित्राची वाट पाहताना त्यांनी कोरलेला लाकडाचा तुकडा पाण्यात फेकला आणि बासने तो उडवला. त्यातून पुढे मोठा कारखाना उभा राहिला. एकाच व्यापारात दोन जन्मकथा इतक्या सारख्या निघाव्यात, यात विक्रेत्यांचा हात असावा अशी शंका घेण्यास जागा आहे.

फिनलंडच्या लॉरी रापाला यांची गोष्ट अधिक विश्वासार्ह आणि अधिक शिकवणारी आहे. शिकारी मासे थव्यातील जखमी, वाकडा पोहणारा मासा हेरतात, हे त्यांनी मासेमारी करताना पाहिले होते. १९३६ मध्ये त्यांनी बुचाच्या लाकडातून तशीच लचकत पोहणारी आकृती कोरली, तिला चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला आणि वितळवलेल्या फोटोच्या निगेटिव्हचा लेप दिला. ऑगस्ट १९६२ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात या आमिषावर लेख आला. त्या अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच निधन पावलेली मेरिलिन मन्रो होती, त्यामुळे अंक घरोघर पोहोचला आणि मागणीचा पूर लोटला. त्याआधी, १९४९ मध्ये, ओहायोतील ॲक्रन येथे निक क्रीम यांनी स्वयंपाकघरात मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ ओतले होते. बास धरण्याच्या तंत्रात त्या गांडुळाने जेवढा बदल घडवला, तेवढा क्वचितच दुसऱ्या वस्तूने घडवला असेल.

अतिखरेदीची सवय लागली ती मात्र स्पर्धांच्या युगात. अलाबामातील विमा विक्रेते रे स्कॉट यांनी जून १९६७ मध्ये अर्कान्सामधील बीव्हर लेकवर १०६ स्पर्धकांची स्पर्धा भरवली आणि पुढील वर्षी 'बास ॲंग्लर्स स्पोर्ट्समन सोसायटी' स्थापन केली. विजेत्याने कोणते आमिष वापरले ही आता बातमी ठरू लागली. १९७२ मध्ये मिसुरीतील स्प्रिंगफील्ड येथे जॉनी मॉरिस या तरुणाने वडिलांच्या मद्याच्या दुकानातील थोड्याशा जागेत अशी आमिषे विकायला ठेवली. तेथूनच 'बास प्रो शॉप्स' ही विशाल साखळी जन्मली, आणि १९७४ पासून तिची सूची टपालाने घरी येऊ लागली.

बातमी आणि खरेदी यांचा संबंध किती थेट असतो, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. टेनेसीच्या ओक रिज गावातील फ्रेड यंग हाताने बाल्सा लाकडाचा गुबगुबीत क्रँकबेट कोरत. भाऊ ओडिस याच्या नावावरून त्याला 'बिग ओ' म्हणत. तो इतका दुर्मीळ झाला, की स्पर्धक तो भाड्याने घेत असे सांगतात. १९७३ मध्ये कॉटन कॉर्डेल यांनी त्याची प्लॅस्टिक आवृत्ती काढली आणि ती लाखांनी खपली. दुसरे उदाहरण अलीकडचे. ऑक्टोबर २०११ मध्ये गंटर्सव्हिल तलावावरील स्पर्धा पॉल इलायस यांनी 'अलाबामा रिग'ने जिंकली. छत्रीच्या काड्यांसारख्या पाच तारा आणि प्रत्येकीवर एक आमिष, म्हणजे माशांचा छोटा थवाच. निकालानंतर दुकाने रिकामी झाली आणि हातोहात विक्रीत किंमत कित्येक पट चढली. काही महिन्यांतच स्कॉट यांच्या संस्थेने आपल्या वरच्या स्पर्धांत या साधनावर बंदी घातली. ज्यांनी धावाधाव करून ते घेतले, त्यांच्यापैकी अनेकांच्या पेटीत ते अजून न वापरलेले पडून असेल.

माणूस इतके का घेतो? लोभ हे उत्तर पुरेसे नाही. गरवण्यात यश अनियमित येते आणि त्याचे कारण कळत नाही. मासा लागला नाही तर पाणी थंड होते, हवेचा दाब बदलला, मासा तेथे नव्हताच, किंवा आमिष चुकले, अशी अनेक कारणे संभवतात. त्यांपैकी विकत घेऊन दुरुस्त करता येण्यासारखे कारण एकच. रिकाम्या हाताने परतलेला माणूस तलाव बदलू शकत नाही, ऋतू बदलू शकत नाही. रंग मात्र बदलू शकतो. शिवाय नव्या आमिषावर पहिलाच मासा लागला तर श्रेय आमिषाला मिळते, आणि ते दिवसभर पाण्यात राहते म्हणून पुढचे मासेही त्यावरच लागतात. पेटीतील उरलेल्या शंभरांना आपली योग्यता सिद्ध करण्याची संधीच मिळत नाही. अमेरिकी गरवणारे या ओढीला विनोदाने 'बेट मंकी' म्हणतात: मानगुटीवर बसलेले माकड, जे दुकानाच्या दारात कान पिळते. मानगुटीवर बसणारा वेताळ आपल्या परिचयाचा आहे; त्याच्याप्रमाणे हेही प्रश्न विचारते, फक्त उत्तर रोखीने घेते.

रंगाच्या बाबतीत तर ही ओढ विज्ञानाशी सरळ विसंगत ठरते. १९८० च्या दशकात ओक्लाहोमा विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ लॉरेन हिल यांच्या संशोधनावर आधारलेले एक उपकरण बाजारात आले. त्याचा शोधक पाण्यात सोडला की कोणता रंग वापरावा हे तबकडीवर दिसे. लोकांनी उपकरण घेतले आणि मग तबकडीवरील सर्व रंगही घेतले. पुढे इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी बासच्या डोळ्यांचा अभ्यास केला. २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बासच्या नेत्रपटलात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात, एक हिरव्याला आणि दुसरी तांबड्याला प्रतिसाद देणारी. तांबडा आणि हिरवा तो चांगले ओळखतो. झगझगीत पोपटी-पिवळा आणि पांढरा, तसेच निळा आणि काळा यांत मात्र त्याचा गोंधळ होतो. अमेरिकेत स्पिनरबेटची लोकप्रिय झालर पांढरी-पोपटी असते आणि जिगची काळी-निळी. त्या जोडरंगांतील फरक माशापेक्षा ग्राहकालाच अधिक स्पष्ट दिसत असणार.

विक्रमांची नोंदही पेटीच्या बाजूने बोलत नाही. २ जून १९३२ रोजी, महामंदीच्या काळात, जॉर्जिया राज्यातील मॉन्टगोमेरी लेकवर जॉर्ज पेरी या शेतकरी तरुणाने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे १० किलोंहून थोडा अधिक वजनाचा बास धरला. पेरी आणि त्याचा सोबती यांच्याकडे मिळून एकच आमिष होते, क्रीक चब कंपनीचे. माशाचे वजन झाले, एका मासिकाच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळाले आणि मासा घरच्यांनी खाल्ला. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबु कुरिता यांनी त्याहून औंसभर जड बास धरला. जुना विक्रम मोडण्यास किमान दोन औंस अधिक लागतात, म्हणून दोघांची नावे बरोबरीने नोंदली गेली. कुरितांच्या गळाला जिवंत ब्लूगिल मासा होता. जगातील अतिशय सुबक आणि अतिशय महाग कृत्रिम आमिषे ज्या देशात बनतात, त्या देशातील हा विक्रम, आणि तो सामिष आमिषावर.

जपानचा उल्लेख येथे आणखी एका कारणाने आवश्यक आहे. बास तेथील मूळचा मासा नव्हे. १९२५ मध्ये तो आशी सरोवरात आणून सोडला गेला. नंतर तो देशभर पसरला, स्थानिक माशांवर त्याने संकट आणले आणि २००५ मध्ये परकीय आक्रमक जीवांविषयीच्या कायद्याखाली त्याच्यावर निर्बंध आले. तरीही मेगाबाससारख्या कंपन्यांची मर्यादित संख्येत काढलेली आमिषे संग्राहक हातोहात घेतात. साधे अमेरिकी आमिष ५ ते १० डॉलरना मिळते. हाताने घडवलेल्या मोठ्या जपानी स्विमबेटसाठी काहीशे डॉलर मोजावे लागतात. पाण्यात टाकायलाही जीव धजावत नाही अशी वस्तू आमिष उरत नाही, दागिना होते. जुन्या वस्तूंच्या बाजारात तर हे उघडच मान्य आहे: रायली हॅस्केल यांच्या १८५९ च्या पेटंटानुसार बनलेला एक मोठा तांब्याचा मासा २००३ मध्ये लिलावात एक लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला.

अतिखरेदीचा एक अनपेक्षित लाभार्थी आहे, तो म्हणजे स्वतः मासा. अमेरिकेत १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यानुसार आमिषांसह बहुतेक साधनांवर उत्पादकाकडून १० टक्के अबकारी कर घेतला जातो; आमिषांच्या पेट्यांवर तो ३ टक्के आहे. हा निधी राज्यांकडे मत्स्यसंवर्धन, संशोधन आणि तलावांवरील सोयींसाठी जातो. न वापरलेले शंभरावे आमिषही त्यात आपला वाटा टाकते. उलट बाजूस, वापरलेले आमिष नेहमी परत येत नाही. तुटलेली मऊ प्लॅस्टिकची गांडुळे तळाशी राहतात, कधी माशांच्या पोटात सापडतात. २०१३ मध्ये मेन राज्यात त्यांच्यावर बंदी आणण्याचे विधेयक आले होते, पण ते बंदीपर्यंत पोहोचले नाही. शिशाबाबत मात्र न्यू हॅम्पशायर आणि मेनसारख्या राज्यांनी कठोर भूमिका घेतली आहे, कारण गिळलेल्या लहान जिगमुळे तेथील लून हे पाणपक्षी शिशाच्या विषबाधेने मरत होते.

रे स्कॉट यांनी ऑक्टोबर १९७१ मध्ये पहिली 'बासमास्टर क्लासिक' घेतली तेव्हा २४ स्पर्धकांना विमान उडाल्यानंतरच ठिकाण सांगितले: नेवाडातील लेक मीड. प्रत्येकाला सोबत १० पौंडांपुरतेच साहित्य नेण्याची मुभा होती. कुठे जायचे हे ठाऊक नसताना काय निवडायचे, हा त्या काळच्या निष्णात मंडळींपुढील खरा पेच होता. बॉबी मरे जिंकले आणि त्यांना १०,००० डॉलर मिळाले.

गोव्यात बास नाही, पण आमिषे आली आहेत. मांडवी, झुआरी, शापोरा यांच्या मुखांशी चोणक आणि तांबोशीसाठी क्रँकबेट व मऊ प्लॅस्टिकचे मासे फेकणारे आता सहज दिसतात. गोड्या पाण्यासाठी बनलेल्या गऱ्या खाऱ्या पाण्यात लवकर गंजतात आणि चोणकाच्या झटक्यापुढे सरळ होतात, म्हणून जाणकार त्या काढून जाड गऱ्या बसवतात. साठवणुकीबाबत एक सूचना उपयोगी पडेल. मऊ प्लॅस्टिक मूळ पिशवीतच ठेवावे. ते कठीण आमिषांना चिकटून राहिले तर दोन्ही वितळून लगदा होतो, आणि गडद रंग फिकट रंगात उतरतो. वापरलेले आमिष गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवूनच पेटीत परत जावे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत बंद राहिलेल्या पेटीत एक ओली गरी असेल, तरी गणेश चतुर्थीपर्यंत तिच्या शेजारच्या गऱ्यांवरही तांबेरा चढलेला असतो.