वास्तूपासून पाण्यापर्यंत : म. श्री. माटे यांची अभ्यासयात्रा

मराठीच्या वर्गात 'माटे' म्हटले की श्री. म. माटे आणि त्यांचे 'उपेक्षितांचे अंतरंग' आठवते. आद्याक्षरांची अदलाबदल केली की दुसरे माटे भेटतात : म. श्री. माटे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील प्राध्यापक आणि वास्तुकलेचे इतिहासकार. साहित्याच्या अभ्यासकांनी या माट्यांकडेही वळावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

त्यांचा 'मराठा आर्किटेक्चर' हा इंग्रजी ग्रंथ १९५९ साली पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला. १६५० ते १८५० हा त्याचा कालखंड. लेणी आणि हेमाडपंती देवळे यांच्या कौतुकात या काळातील वाडे, मंदिरे, घाट मागे पडत असत. माट्यांनी त्यांना स्वतंत्र अभ्यासविषयाची प्रतिष्ठा दिली. १९६७ च्या 'डेक्कन वुडवर्क'मध्ये त्यांची नजर लाकडी कामावर स्थिरावली. इथवरचा अभ्यास वास्तूचा आणि तिच्या अंगोपांगांचा होता.

वळण आले ते दौलताबादला. यादवांची ही देवगिरी १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाची राजधानी झाली. तिथला दुर्ग सर्वांना ठाऊक होता. परंतु तटाच्या आतले एवढे मोठे नगर जगले कशावर? त्याचे उत्तर केवळ बुरुजांत सापडणारे नव्हते. ते भोवतालच्या डोंगरउतारांत, तिथे अडवलेल्या पाण्यात आणि ते नगरात आणणाऱ्या भाजक्या मातीच्या नळांत होते. टी. व्ही. पाथी यांच्यासह लिहिलेला दौलताबादचा अहवाल १९९२ मध्ये आला, आणि १९९८ मध्ये इ. स. पू. १५०० ते इ. स. १८०० या काळातील भारतीय जलव्यवस्थापनाचा त्यांचा इतिहास. घराचा अभ्यासक अखेर घर जगवणाऱ्या भूमीपर्यंत पोचला होता.

आपल्या दृष्टीने यात महत्त्वाचे काय? महानुभावांची 'स्थानपोथी' आपण भाषेच्या अभ्यासासाठी वाचतो. चक्रधरस्वामींचा वास कुठे झाला, देऊळ कोणत्या दिशेला, दार कुणीकडे, हे ती बारकाईने नोंदवते. तो मजकूर केवळ जुन्या गद्याचा नमुना नव्हे. मध्ययुगीन गावांचा तो शब्दांत काढलेला नकाशा आहे. माट्यांची दृष्टी घेऊन वाचले तर त्यातील देवळे, मठ आणि नद्या एकमेकांशी बोलू लागतात.

आमचे पुसद पूस नदीच्या काठावर वसले आहे. जलसंधारणासाठी ओळखले गेलेले माजी मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक याच तालुक्यातले. तरीही पाणी हा इथे शेतीचा आणि राजकारणाचा विषय राहिला. इतिहासाचा झाला नाही. जुने वाडे उतरवले जातात तेव्हा निदान त्यांची छायाचित्रे काढली जातात. विहीर बुजवली जाते तेव्हा तेवढेही घडत नाही. गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने वाडा कोणी बांधला हे जरूर विचारावे. पण त्या वाड्यात पाणी कुठून येत होते, हा प्रश्न त्याने आधी विचारावा.