गव्हर्नरचे माहेर

नांगर कडक पट्ट्यात शिरला की ट्रॅक्टरचा आवाज क्षणभर दबतो आणि लगेच पुन्हा भरतो. चालकाने काहीच केलेले नसते. डिझेल पंपाला जोडलेल्या गव्हर्नरने फेरे उतरल्याचे ओळखून इंधन वाढवलेले असते. बांधाशी नांगर उचलला, ओझे गेले, की तोच इंधन आवळतो. नाहीतर इंजिन बेफाम पळून स्वतःचा घात करून घेईल. यंत्राने स्वतःला सावरण्याची ही विद्या जेम्स वॉटची, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. ते अर्धेच खरे आहे. वॉटच्या घरी ती नांदायला आली. तिचे माहेर दळणाच्या गिरणीत.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये बरेच दळण पवनचक्कीवर होई, आणि वारा कुणाच्या मर्जीने वाहत नाही. जोराचा झोत आला की जात्याची वरची तळी भराभर फिरे, दाणे जास्त ओढले जात, दोन तळ्यांमधली फट वाढे आणि पीठ भरड पडे. वारा पडला की सगळे उलट. फट सतत जुळवत राहणे हे गिरणीवाल्याचे खरे काम होते, आणि त्याला त्यातून मान वर करायला सवड नसे. या जाचातूनच गिरण्या बांधणाऱ्या कारागिरांची बुद्धी चालली. एडमंड ली याने १७४५ साली छोट्या मागच्या पंख्याचे पेटंट घेतले. वाऱ्याची दिशा बदलली की हा पंखा चक्कीचे तोंड आपोआप वाऱ्याकडे वळवी. पुढे फिरत्या उभ्या दांड्याला दोन वजने टांगण्याची युक्ती आली. वेग वाढला की वजने बाहेर फेकली जाऊन वर उचलली जात आणि तरफेने तळ्या जवळ आणत. थॉमस मीडने १७८७ मध्ये अशा यंत्रणेचे पेटंट घेतले. त्याने ती चक्कीच्या शिडांनाही जोडली, म्हणजे वारा चढला की शिडाचे कापड आपोआप कमी व्हावे.

लंडनमध्ये थेम्सकाठी १७८६ साली अल्बियन मिल्स ही वाफेवर चालणारी प्रचंड पीठगिरणी सुरू झाली. इंजिने बोल्टन आणि वॉट यांची, गिरणीची यंत्रे जॉन रेनीची. १७८८ मध्ये मॅथ्यू बोल्टनने तिथे तळ्यांची फट सांभाळणारी ही वजने पाहिली आणि भागीदाराला पत्राने कळवली. वॉटने ती युक्ती उचलली आणि तळ्यांऐवजी वाफेच्या झडपेला जोडली. वेग वाढला, वजनांचे गोळे वर गेले, झडप मिटली. वेग उतरला, गोळे खाली आले, झडप उघडली. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो कारखान्यात धातूच्या वस्तूंना चकाकी देणाऱ्या इंजिनावर हा गव्हर्नर बसला, आणि ते इंजिन आजही लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये पाहायला मिळते. वॉटने त्याचे पेटंट घेतले नाही. शाळेच्या पुस्तकात मात्र गिरणीकारागिरांच्या वाट्याला एक ओळही येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कापडगिरण्यांना तर या उपकरणाची फारच गरज होती, कारण वेग हेलकावला की सूत तुटते. १८५६ मध्ये ताडदेवला कावसजी दावरांची गिरणी सुरू झाली आणि मुंबईचे सूतही वाफेवर निघू लागले. वीज येण्याआधी आपल्या कित्येक गावांत पिठाची गिरणी ऑइल इंजिनवर चाले. तिथे गव्हर्नर पुन्हा दळणाच्या कामाला लागला होता.

खरी गंमत पुढे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कारखान्यांतले काम फार सफाईदार झाले. गव्हर्नरचे सांधे गुळगुळीत झाले, गोळे जड झाले, इंजिने वेगवान झाली. हे सगळे सुधारल्यावर यंत्र अधिक स्थिर चालायला हवे होते. झाले उलटेच. वेग एका जागी ठरेना. वर जाई, खाली येई, पुन्हा वर. आजचे मेकॅनिक याला ‘हंटिंग’ म्हणतात. जुन्या ओबडधोबड सांध्यांतले घर्षण ही डोलणी जिरवत होते, आणि नेमके तेच दोष समजून काढून टाकले होते. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये गव्हर्नरवर निबंध लिहून, कोणत्या परिस्थितीत हेलकावा विरतो आणि कोणत्या परिस्थितीत वाढत जातो, हे गणिताने मांडले. पुढे १८७६ मध्ये रशियाच्या इव्हान विश्नेग्राद्स्कीने अभियंत्याला वापरता येईल असे उत्तर दिले: घर्षण काढलेत तर त्याच्या जागी तेलात चालणारा दट्ट्या बसवा, हेलकावा तो जिरवेल. हाच माणूस नंतर रशियाचा अर्थमंत्री झाला.

वॉटच्या गव्हर्नरचा आणखी एक उणेपणा होता. ओझे वाढले की वेग पूर्ववत होत नसे, थोडा उतरलेलाच राही. कारण साधे आहे: झडप जास्त उघडी राहायची तर गोळे खालीच राहायला हवेत, आणि गोळे खाली म्हणजे वेग कमी. ही घट घालवण्यासाठी अभियंत्यांनी अनेक वर्षे डोके लढवले, आणि ती घालवताही आली. पण वीजकेंद्रे एका जाळ्यात जोडली जाऊ लागली तेव्हा तिची किंमत कळली. कोयनेच्या जनित्रांपासून औष्णिक केंद्रांपर्यंत सगळी यंत्रे एकाच ५० हर्ट्झच्या तालावर फिरतात. अशा जाळ्यात दोन संचांना घट अजिबात नसेल, तर ओझे कोणी किती उचलायचे हे ठरत नाही. एक सगळे अंगावर घेतो, दुसरा सोडून देतो. घट असली की मागणी वाढून ताल किंचित उतरताच प्रत्येक संच आपल्या कुवतीप्रमाणे वाटा उचलतो. आता गोळ्यांच्या जागी संवेदक आणि संगणक आले आहेत, तरी भारतीय ग्रिडच्या नियमांनुसार गव्हर्नरमध्ये ३ ते ६ टक्के घट मुद्दाम ठेवली जाते.