व्याधीशी तह

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येला वाहिलेला आहे. आरोग्य राखू इच्छिणाऱ्या माणसाने केव्हा उठावे, काय सेवन करावे, कसे वर्तावे, याचे विवेचन त्यात येते. परंतु ज्याचे आरोग्य एकदा गेले ते गेलेच, ज्याच्या व्याधीला वैद्याने नावही दिले नाही आणि उतारही सांगितला नाही, अशा माणसाने आपला दिवस कसा आखावा? या प्रश्नाची उत्तरे ग्रंथांपेक्षा माणसांच्या चरित्रांत अधिक सापडतात. त्यांतील एक उत्तर इंग्लंडमध्ये, लंडनपासून सोळा मैलांवर असलेल्या केंट परगण्यातील डाउन या खेड्यात, चाळीस वर्षे रोज नव्याने दिले जात होते. ते देणारा गृहस्थ म्हणजे चार्ल्स डार्विन.

हा मनुष्य जन्मतः दुबळा नव्हता. २७ डिसेंबर १८३१ रोजी तो ‘बीगल’ जहाजावर चढला तेव्हा बावीस वर्षांचा होता. पुढील पाच वर्षांत त्याने दक्षिण अमेरिकेची गवताळ मैदाने घोड्यावरून तुडवली आणि अँडीज पर्वत ओलांडला. २ ऑक्टोबर १८३६ रोजी तो मायदेशी परतला, आणि वर्षभरातच छातीत धडधड सुरू झाली. मागून पोटाचा विकार आला. वांत्या, कंप, विलक्षण थकवा आणि निद्रानाश यांनी त्याला घेरले, ते आयुष्यभरासाठी. या रोगाचे निदान आजवर एकमताने झालेले नाही. दक्षिण अमेरिकेत रक्तपिपासू ढेकणाच्या दंशातून त्याला चागास रोग जडला असावा, असा तर्क सॉल ॲडलर या शास्त्रज्ञाने १९५९ साली मांडला. त्यानंतरही अनेक तर्क झाले. परंतु प्रत्येकाला काही ना काही आक्षेप आहेच.

१८४२ च्या सप्टेंबरात डार्विन पत्नी एमा व मुले यांच्यासह डाउनला राहावयास आला. आरंभीची काही वर्षे व्याधीशी उघड युद्धाची होती. नोव्हेंबर १८४८ मध्ये वडील वारले, तेव्हा प्रकृतीमुळे त्याला अंत्यसंस्काराच्या वेळी पोहोचता आले नाही. पुढच्याच वर्षी सारे बिऱ्हाड घेऊन तो माल्व्हर्न येथे डॉक्टर गली यांच्या जलोपचारगृहात गेला. दिव्याच्या उष्णतेने घाम काढावयाचा, मग थंड पाण्यात भिजवलेल्या फडक्यांनी अंग खसाखसा घासावयाचे, पोटावर दिवसभर ओली पट्टी बांधावयाची, आणि साखर, लोणी, मसाले वर्ज्य, असा तो उपचार होता. त्याने गुण आला, म्हणून घरी परतल्यावर बागेत थंड पाण्याच्या धारेसाठी एक खोपटे उभारले गेले. त्याच सुमारास त्याने प्रकृतीची रोजनिशी आरंभली आणि दिवसरात्रींचा हिशेब एखाद्या प्रयोगाप्रमाणे मांडला.

परंतु १८५१ च्या एप्रिलमध्ये त्याच माल्व्हर्नला त्याची दहा वर्षांची लाडकी कन्या ॲनी मरण पावली. १८६३ साली तो तेथे पुन्हा गेला, तेव्हा प्रकृती सुधारण्याऐवजी खालावली. कडक उपचार असे आले आणि गेले. टिकून राहिली ती अगदी वेगळ्या प्रकारची गोष्ट: स्वतःच्या शक्तीचे माप ओळखून, आवडीच्या गोष्टींनी विणलेली एक साधी दिनचर्या. डार्विनचा पुत्र फ्रान्सिस याने तिचे तपशीलवार वर्णन करून ठेवले आहे.

सकाळी न्याहारीपूर्वी थोडे फिरणे. पावणेआठला एकट्याने न्याहारी. आठ ते साडेनऊ काम. त्याच्या दृष्टीने हा दिवसातला सर्वांत चांगला वेळ. मग दिवाणखान्यात कोचावर पडून घरची पत्रे आणि एखादी कादंबरी ऐकावयाची. साडेदहापासून बारापर्यंत पुन्हा काम. एवढे झाले की दिवसाचे काम झाले असे तो मानी. म्हणजे ज्या माणसाने जीवशास्त्राची दिशा बदलली, त्याचा मुख्य कामाचा दिवस जेमतेम तीन तासांचा होता.

त्यानंतर ऊन असो वा पाऊस, फिरावयास जाणे. त्यासाठी त्याने शेजारच्या लबक कुटुंबाकडून जमिनीची एक चिंचोळी पट्टी भाड्याने घेऊन तीवर झाडे लावली आणि भोवतीने वाळूखड्यांची पायवाट केली. ‘सँडवॉक’ या नावाने ती वाट आज प्रसिद्ध आहे. किती फेऱ्या झाल्या याचा विचार मनात नको, म्हणून तो वळणावर गारगोटीचे खडे मांडून ठेवी आणि प्रत्येक फेरीला एक खडा पायाने उडवी. दुपारी जेवण, वर्तमानपत्र, पत्रलेखन. तीनला विश्रांती आणि पुन्हा कादंबरी. कादंबरीचा शेवट मात्र गोड हवा. दुःखान्त कादंबऱ्यांविरुद्ध कायदाच करावा, असे त्याने आत्मचरित्रात गमतीने सुचवले आहे. रात्री एमाबरोबर बॅकगॅमन या फाशांच्या खेळाचे दोन डाव, आणि नंतर तिचे पियानोवादन. या डावांचाही हिशेब होता. १८७६ साली अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना त्याने मोठ्या विजयोत्साहाने कळवले की एमाने २,४९० डाव जिंकले आहेत आणि आपण २,७९५!

या दिनचर्येतील सूक्ष्म शहाणपण असे की तिच्यात विश्रांती ही शिक्षा नव्हती. पथ्य म्हटले की नकारांची यादी डोळ्यांसमोर येते. डार्विनलाही नकार पाळावे लागले: पाहुण्यांशी अर्धा तास अधिक बोलणे झाले तर रात्रीची झोप आणि दुसऱ्या दिवसाचे निम्मे काम बुडे. परंतु प्रत्येक नकाराशेजारी एक आनंद ठेवलेला होता. आजार अंथरुणाला खिळवी, तेव्हा शय्येजवळ वेलीची कुंडी ठेवून तिचे टोक हवेत वर्तुळे कसे काढते, हे तो तासन्‌तास पाहत असे. आरोहिणी वनस्पतींवरील त्याचा १८६५ चा प्रबंध अशा आजारी दिवसांत आकाराला आला. ज्याला जगाकडे जाता येत नाही त्याच्याकडे जग टपालाने येई. त्याच्या पत्रव्यवहारातील सुमारे १५,००० पत्रे आज ज्ञात आहेत. त्यांत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातून एडवर्ड ब्लाइथ याने हिंदुस्थानातील पशुपक्ष्यांविषयी पाठवलेली दीर्घ पत्रेही आहेत.

या चित्राची दुसरी बाजू झाकणे योग्य होणार नाही. पित्याची संपत्ती पाठीशी होती, घरात नोकरचाकर होते, उपजीविकेसाठी कोणाची चाकरी करावी लागत नव्हती. सर्वांत मोठा भार एमाने वाहिला. दहा मुलांची आई असलेली ही स्त्री वाचन करी, शुश्रूषा करी, पाहुण्यांना वेळेवर उठवी, आणि पती कामाच्या नादात स्वतःला विसरू लागला की हट्टाने त्याला विश्रांतीसाठी बाहेर नेई. ती दिनचर्या एका माणसाच्या नावावर असली तरी तिच्यावर सही दोघांची होती. जेथे दीर्घकाळचे आजारपण आहे तेथे अशी एक दुसरी सही बहुधा असतेच. इतिहास ती क्वचित वाचतो.

तहात काही प्रदेश सोडावा लागतो, तसा डार्विननेही सोडला. कवचात राहणाऱ्या बार्नकल प्राण्यांच्या अभ्यासाला आठ वर्षे लागली. त्यांतील सुमारे दोन वर्षे आजारपणाने गिळली, असे त्यानेच नमूद केले आहे. १ जुलै १८५८ रोजी लिनीअन सोसायटीत त्याचा सिद्धांत प्रथम वाचला गेला, तेव्हा तो तेथे नव्हता. घरी तान्ह्या मुलाचा मृत्यू झाला होता. २४ नोव्हेंबर १८५९ रोजी ‘जातींचा उगम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा तो यॉर्कशरमधील इल्कली येथे जलोपचार घेत होता. तरीही आजारपणाने आयुष्याची अनेक वर्षे नेली, पण समाजातील गडबडीपासून आपल्याला वाचवले, असा जमाखर्च त्याने उतारवयात मांडला आहे. गांडुळांवरील त्याचे शेवटचे पुस्तक १८८१ साली निघाले. १९ एप्रिल १८८२ रोजी डाउनलाच त्याचे निधन झाले.

रोग शेवटपर्यंत बरा झाला नाही. या इतिहासात चमत्कार नाही, आणि म्हणूनच तो आश्वासक आहे. प्रत्येक रुग्णाला बाग, नोकर आणि फुरसत लाभणार नाही. परंतु दिवसातला सर्वांत चांगला तास कोणता हे ओळखून तो राखून ठेवणे, थकवा येण्याआधीच थांबणे, आणि औषधाच्या वेळेइतकीच एखाद्या आवडत्या गोष्टीची वेळ निश्चयाने पाळणे, एवढे तर अगदी लहान घरातही करता येण्याजोगे आहे. डाउनच्या घरात तेच घडत होते: सकाळी तीन तास काम, दुपारी वळणावरचे खडे, आणि रात्री फाशांचे दोन डाव.