झिजलेली नाणी

नाणी जमवणे हा श्रीमंतांचा छंद, असे पुष्कळांना वाटते. पेन्शनीवर राहणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाने तो झिजलेल्या नाण्यांवर भागवला. येथे अमेरिकेत 1913 ते 1938 या काळात 'बफेलो निकल' हे पाच सेंटांचे नाणे पाडले गेले. त्यावरील साल उंचवट्यावर असल्याने तेच आधी झिजे. असे बिनसालाचे नाणे आजही डॉलर-दोन डॉलरला मिळते.

त्याच डबीत आजीकडून आलेली तांब्याची शिवराई आहे. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. आता 'शिव' एवढेच बोटाला लागते. शिवाजी महाराजांच्या काळापासूनचे हे नाणे पेशवाईतही पाडले जाई आणि इंग्रजी अमलातही बाजारात चाले. कोकणात आपले पूर्वज शनवार तेली; घाण्याच्या तेलाचे मोल असल्याच तांब्यात मोजले जात असणार.

सोन्याचा होन पेटीत राहिला, म्हणून लखलखीत राहिला. शिवराई हातोहात फिरली, म्हणून झिजली. आपल्या वाडवडिलांची नावे बखरीत सापडत नाहीत; त्यांची बोटे मात्र अशा तांब्याला लागली असतील. म्हणून नातवंडे आली की मी त्यांना डोळे मिटायला सांगतो आणि शिवराई हातावर ठेवतो.